डाव्या पिंपाची भानगड

४ मार्च

प्रिय नणंदबाई,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि कामाच्या मेलवर घरचं लिहायचं नाही हा तुझ्या कंपनीतही नियम आणि माझ्या प्रयोगशाळेतही. म्हणून हे पत्र. कागदाला 'आवाज तुटतोय गं' म्हणून ठेवून देता येत नाही.

मुद्द्याचं आधी सांगते. तुझ्यासाठी एक स्थळ आहे. पत्र खाली ठेवू नकोस.

आमच्याकडे नवे विभागप्रमुख आले आहेत. चाळिशीच्या अलीकडचे, एकटे, केस आहेत, दातही स्वतःचे. पाठीमागे सगळे त्यांना 'दशांश' म्हणतात. कुणी काहीही सांगितलं की विचारतात, "दशांश चिन्हानंतर?" परवा चहावाली बाई म्हणाली, दोन मिनिटांत आणते, तर तिलाही विचारलं. ती म्हणाली, "दशांश चिन्हानंतर साखर." तेव्हा हसले. म्हणजे हसू येतं माणसाला. मी टिपून ठेवलं.

शिवाय काम तुझंच. तू पिंपंच्या पिंपं भरून आरशातल्या जोड्या वेगळ्या करतेस, आम्ही थेंबभर घेऊन त्या खरंच वेगळ्या झाल्या का ते तपासतो. संसारात बोलायला विषय नाही म्हणून कुढायची वेळ येणार नाही.

हे मी घरात म्हटलं, तर आई म्हणाल्या, "तुम्ही दोघी नेमकं करता काय ते आधी मला नीट सांग. मुलाकडच्यांनी विचारलं तर?" मी सांगायला बसले. आई, काही औषधांचे रेणू जोडीने जन्मतात. घटक तेच, वजन तेच, फक्त एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप, डाव्या-उजव्या हातासारखं. शरीराला बऱ्याचदा त्यातला एकच चालतो. दाखवायला म्हणून पर्समधला प्रयोगशाळेचा रबरी हातमोजा काढला आणि म्हटलं, उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात जाईल का? त्यांनी घातला. छान बसला. मग उजव्यात घातला. तिथेही बसला. "बसतो की दोन्हीकडे," आई म्हणाल्या, "मग पगार कशाचा घेता?"

शेवटी तुझ्या दादाचे बूट आणले. डावा बूट उजव्या पायात घालून आई स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "चावतो. आता कळलं."

तर मुलाचा फोटो पाठवू का?

तुझी,
वहिनी

*

११ मार्च

प्रिय वहिनी,

नको.

(एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण तिकिटाचे पैसे वाया जातील.)

तू आजवर आणलेली स्थळं आठव. एकाने मला भेटल्या भेटल्या विचारलं की इस्त्री कुठल्या बाजूने सुरू करता. दुसरा चांगला होता, पण त्याची आई आमच्या दोघांच्या मधे बसली आणि माझी उत्तरं त्याला ऐकू येणार नाहीत म्हणून पुन्हा सांगत होती. दशांशसाहेब सुखी राहोत. मला स्थळ नको. मला झोप हवी आहे.

कारण आमचा मोठा कॉलम महिनाभर धडधडत होता. परवा थोरले साहेब, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, बघायला आले. मी त्यांना म्हटलं, ही पोलादी नळी माणसाएवढी उंच आहे आणि आत पांढरी भुकटी ठासून भरली आहे. भुकटीच्या कणाकणावर लेप आहे, एकाच अंगाने वळलेल्या साखळ्यांचा. वरून आपण खोकल्याच्या औषधाचे डावे-उजवे एकत्र सोडतो. उजव्याचं या साखळ्यांशी जमत नाही, तो भराभर खाली येतो. डाव्याचं जमतं, तो गप्पा मारत रेंगाळतो. पहिला येतो तो उजव्या पिंपात, मागून येतो तो डाव्या पिंपात. डावा खोकला थांबवतो. उजव्याने नुसतं पोटात ढवळतं.

थोरल्या साहेबांनी नळीवर टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, "मग दोन्ही पिंपं विकता नाही का येणार?"

असो. डावं पिंप भरलं, वाळवलं, पोत्यांत गेलं. आमच्या तपासणीत शंभरात नव्याण्णवच्या वर डावा आहे. आता बाहेरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा शेरा आला की माल निघेल. हा माझ्या हातचा पहिला मोठा माल आहे वहिनी. दादाला सांग. आईला सांगू नकोस, ती बूट घालून बघेल.

तुझी,
नणंद

*

२० मार्च

प्रिय नणंदबाई,

'नको' वाचलं. त्याचा मी 'अजून नको' असा अर्थ लावला आहे.

तुझ्या मालाचं ऐकून तुझ्या दादाने पंपाचं रिपेअरिंग अर्ध्यावर सोडलं आणि शेजारी जाऊन सांगून आला. काय सांगितलं ते त्याला विचारू नकोस. शेजाऱ्यांना वाटतंय की तू पाण्याच्या टाक्या बनवतेस.

आता साहेबांचा पराक्रम ऐक. कुणाचा नमुना ते आम्हाला कळत नाही, बाटलीवर नुसता आकडा असतो, त्यामुळे ही चुगली धरू नये. परवा एक नमुना आला. कॉलममधून सोडला. पडद्यावर पीक उमटलं, केवढं मोठं, पण पहिल्या जागेवर! (आई विचारतात, प्रयोगशाळेत पीक कसलं घेता. पीक म्हणजे डोंगरासारखी रेघ, हे मी तीनदा सांगितलं. त्या म्हणतात, मग डोंगर म्हणा.) पहिली जागा नकोशाची. कामाचा मागून येतो, त्याच्या जागेवर नुसती टेकडी. म्हणजे अख्खा मालच उलटा! एखाद टक्का चूक असते नेहमी. इथे नव्याण्णव टक्के चूक.

सगळे म्हणाले, नळी बिघडली असेल. पण साहेबांनी शांतपणे निम्मे-निम्मे मिश्रण सोडून बघितलं. दोन सारखे डोंगर, सुरेख, लांब लांब. "कॉलम ठणठणीत आहे," साहेब म्हणाले, "कुठल्या तरी गाढवाने पिंपांची अदलाबदल केली आहे." आणि शेरा मारून दिला, 'नापास'.

काय तो ठामपणा! पोरांच्या पोटात गेलं असतं ते. असा माणूस घरात असला की दूधवाल्याची टाप आहे का पाणी घालायची?

त्या गाढवाचं काय झालं असेल कोण जाणे. आम्ही दिवसभर हसत होतो.

तुझी,
वहिनी

*

२७ मार्च

प्रिय वहिनी,

मी सध्या सुट्टीवर आहे. साठलेली होती, घेतली. घरीच असते. खिडक्यांना पडदे शिवते आहे. दोन झाले, तिसरा एका बाजूने आखूड झाला.

आईची तब्येत कशी आहे?

तुमचे साहेब कसे आहेत? म्हणजे माणूस म्हणून. तू मागे लिहिलंस ते फारच वरवरचं होतं. ते काम कसं करतात, आल्यापासून त्यांनी काय काय बदललं, कुणासाठी बदललं, अगदी बारीकसारीकही लिही. वाचायला वेळ आहे.

नणंद

*

१ एप्रिल

माझ्या लाडक्या नणंदबाई,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. तू पडदे शिवतेस! तू, जिने शाळेत सुई टोचली म्हणून शिवणाच्या बाईंवर रुसून डबा खाल्ला नव्हता! आईंनी डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "मुलगी संसाराला लागली." मी म्हटलं, आई, अजून मुलगा बघायचाय. त्या म्हणाल्या, पडदे शिवायला लागली की बाकीचं होतं.

बरं, बारीकसारीक मागितलंस ना? घे.

चहा बिनसाखरेचा. अक्षर चिमुकलं पण सुवाच्य. सही करताना जीभ किंचित बाहेर काढतात. बूट दोन जोड, आलटून पालटून. डब्यात रोज एकच भाजी पण पोळ्या मऊ, म्हणजे स्वतः करत असतील तर हात चांगला आहे. चूक झाली तर ओरडत नाहीत, नुसते जवळ येऊन उभे राहतात. ते जास्त वाईट. आल्या आल्या त्यांनी बाटल्यांची मांडणी बदलली, खिडकीचं तुटलं तावदान स्वतः पाठपुरावा करून बसवून घेतलं, आणि मायाळूपणा बघ, माझ्यासाठी अल्कोहोलसुद्धा बदललं!

म्हणजे झालं असं. कॉलममधून जो द्राव वाहतो ना, त्यात आम्ही हेक्झेनबरोबर आयसोप्रोपिल अल्कोहोल घालत होतो. त्या वासाने माझं डोकं उठायचं. एकदा साहेबांनी मला कपाळ दाबून बसलेली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या जागी इथेनॉल. वर सांगतात कसे, "मिश्रण टाकून बघितलं, दोन पीक उलट जास्त छान सुटतात." उगाच कारण दिलं. खरं कारण माझं कपाळ.

वहिनीच्या कपाळासाठी जो एवढं करतो तो बायकोसाठी काय करेल?

फोटो सोबत जोडला आहे. सहलीत काढलेला आहे, शेजारी बकरी आहे ती त्यांची नाही.

तुझी,
आनंदाने वेडी झालेली वहिनी

*

५ एप्रिल

वहिनी,

उभी असशील तर बस.

ते गाढव मी आहे.

मी सुट्टीवर नाही. तुमचा 'नापास' शेरा आला त्या दुपारी थोरले साहेब खाली आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मी पिंपांची अदलाबदल केली. आमच्या तपासणीचा कागद मी पुढे केला, तर म्हणाले, "घरची तपासणी घरच्यांचंच बोलणार." चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. माझ्या हाताखालच्या दोघींना माझ्याशी बोलायला बंदी. आठ वर्षं मी त्या नळीशेजारी उभी आहे. डावं-उजवं मला झोपेत कळतं. पण खोटं कशाला सांगू, चौथ्या-पाचव्या दिवशी मलाच शंका यायला लागली. रस्त्याने चालताना आपला उजवा हात कुठला ते बघायचे.

माल कुठल्या प्रयोगशाळेत तपासला ते आम्हाला सांगत नाहीत. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं. तुम्ही दिवसभर हसलात तेही कळलं.

मग मी तुला साहेबांविषयी विचारलं. तुला वाटलं तसं नाही गं. मला फक्त तिथे काय बदललं ते हवं होतं. आणि तू ते कपाळासकट पाठवलंस.

आता ऐक. याच जोडीचं हे नखरेल वागणं मी मागे एकदा छोट्या कॉलमवर बघितलं होतं. अल्कोहोल बदललं की त्या साखळ्यांचं वळण जरासं बदलतं, आणि ज्याचं जमत होतं त्याचं बिनसतं. क्रम उलटतो. डावा पहिला येतो, उजवा रेंगाळतो. तुमच्या साहेबांनी मिश्रण टाकून बघितलं, पण निम्मे-निम्मे मिश्रणात दोन्ही डोंगर सारखेच. कुठला कुणाचा ते त्यांना कसं कळणार? जागा पाहून ओळखलं त्यांनी, माणूस पाहून नाही.

मी त्यांना रीतसर पत्र टाइप करून पाठवलं आहे. अल्कोहोलबद्दल एक शब्दही लिहिला नाही, नाहीतर तू अडकशील. एवढंच विचारलंय की डावा कोण हे तुम्ही क्रमावरून ठरवलंत की एकट्या शुद्ध डाव्याचा नमुना सोडून? तो सोडून पाहावा ही विनंती.

तू काही बोलू नकोस. चेहऱ्यानेसुद्धा.

आईला यातलं सांगू नकोस. पडदे तिला आवडलेत तर राहू देत.

नणंद

*

१२ एप्रिल

नणंदबाई,

मी तुला गाढव म्हटलं. हसले. ते पत्र परत पाठव, मला ते जाळायचं आहे. आणि तू एवढे दिवस एकटी त्या घरात पडदे शिवत होतीस आणि मी तुला बकरीसकट फोटो पाठवला. रात्री जेवण गेलं नाही. तुझ्या दादाला सांगितलं तर तो उठला आणि सायकलची हवा तपासायला लागला, जणू आत्ताच तुझ्याकडे निघणार होता. मोठ्या मुश्किलीने थांबवलं.

आता काय झालं ते ऐक, मी जे पाहिलं तेच लिहिते.

तुझं पत्र साहेबांनी उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग चष्मा पुसून वाचलं. शुद्ध डाव्याची बाटली आमच्याकडे संपलेली, नवी मागवलेली पण आलेली नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत कुणाला तरी पाठवतील असं वाटलं, तर स्वतः गेले. उन्हात, डोक्यावर फाईल धरून. परत आले ते खिशात चिमुकली बाटली आणि शर्ट घामाने ओला.

नमुना सोडला. आम्ही सगळे पडद्यासमोर. चहावाली बाईसुद्धा ट्रे घेऊन थांबली. मी चेहऱ्याने काही बोलू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई."

एकटा डावा. पहिल्या जागेवर.

साहेबांनी आयसोप्रोपिलचा कॅन स्वतः उचलून आणला, नळी धुऊन काढली, द्राव बदलला, तासभर वाहू दिला, आणि पुन्हा तोच डावा सोडला. आता तो मागून आला. मग तुमचा तो नापास नमुना काढला. मोठा डोंगर मागच्या जागेवर, पुढे नुसती टेकडी. नव्याण्णव दशांश चार. दशांश चिन्हानंतरचं आज कुणी विचारलं नाही.

मग साहेब आमच्याकडे वळले. कान लालभडक. म्हणाले, "ज्या माणसाला मी गाढव म्हटलं, तो बरोबर होता. द्राव मी बदलला, ओळख मी पटवून घेतली नाही. गाढव मी."

आणि माझ्या तोंडातून गेलं, "साहेब, माणूस नाही, बाई आहे."

साहेब म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हटलं, "अक्षरावरून."

पत्र टाइप केलेलं होतं.

ते जवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अच्छा, अक्षरावरून," आणि फोन उचलून तुझ्या थोरल्या साहेबांना लावला. दार बंद होतं, पण काचेतून दिसत होतं. समोरचा माणूस ओरडत असणार, कारण ते रिसीव्हर कानापासून लांब धरून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "हो, चूक आमचीच. हो, लेखी देतो."

पोळ्या मऊ करणारा आणि चूक कबूल करणारा माणूस एकाच अंगात मिळतो कुठे? मी काही सुचवत नाही.

तुझी,
शरमलेली वहिनी

*

२१ एप्रिल

प्रिय वहिनी,

मी कामावर परत आले. थोरल्या साहेबांनी माफी मागितली नाही, पण नवी खुर्ची दिली, चाकांची. माल निघाला. पोती ट्रकमध्ये चढताना मी मुद्दाम फाटकाशी उभी राहिले.

दादाला सांग, सायकलवरून यायला दोन जिल्हे लागतात.

तुझ्या साहेबांचं पत्र आलं. चार पानी. अर्ध्या पानात माफी, साडेतीन पानांत इथेनॉल. मी उत्तर लिहिलं. त्यांनी त्यावर उत्तर लिहिलं. कामाचं आहे सगळं, उगाच डोळे बारीक करू नकोस.

ते जाळायचं पत्र पाठवणार नाही. ते मी जपून ठेवलं आहे. पुढे कधी तू मला घर आवरायला लावलंस तर उपयोगी पडेल.

तुझी,
गाढव

*

१९ मे

प्रिय नणंदबाई,

डोळे बारीक केले आहेत.

गेल्या महिनाभरात तुझ्या अक्षराची पाच जाडजूड पाकिटं साहेबांच्या टेबलावर आली. (या वेळी खरंच अक्षरावरून ओळखलं.) 'कामाचं' एवढं जाड नसतं. ते पाकीट आधी वजन करून बघतात, मग कोपरा नीट कापून उघडतात आणि वाचताना पेन्सिलीने खुणा करतात. परवा वाचता वाचता "वा!" म्हणाले. जेवायच्या सुट्टीत चक्क गुणगुणत होते. नवा शर्ट घेतला आहे, निळा.

मला राहवेना. मी तुझ्या दादाकडून मागची खोली रंगवून घेतली. म्हटलं, बघण्याच्या कार्यक्रमापुरती का होईना, तू चार दिवस येशील. आईंनी मला विचारलं, जावयाला चहा बिनसाखरेचा का? मी सांगून ठेवलं आहे.

आता तूच कबूल कर. आम्ही रागावणार नाही.

तुझी,
वहिनी

*

२ जून

माझ्या सोन्या,

हे पत्र कसं लिहू कळत नाही. दोन कागद फाडले.

साहेब चालले. काल दुपारी सगळ्यांना बोलावून सांगितलं. दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवायला जाणार आहेत, म्हणाले, "चूक कशी होते ते शिकवायला आता माझ्याकडे चांगलं उदाहरण आहे." आम्ही हसलो. मग कानापर्यंत लाजून म्हणाले की त्याच कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंशी त्यांचं लग्न ठरलंय. बाईंशी ओळख जुनी आहे. निळा शर्ट त्यांनी घेऊन दिलाय.

मी पेढे घेतले पण खाल्ले नाहीत. पिशवीत तसेच आहेत.

पाच पाकिटं लिहून घेतो आणि गुणगुणतो दुसऱ्यासाठी! आईंनी तर त्यांचं नावच टाकलं. "चावणारा बूट," म्हणाल्या. तू मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा पडदे शिवू नकोस. मी या रविवारी येऊ का? काही विचारणार नाही, नुसती बसेन.

त्यांच्या जागी कुणी नवीन येतंय म्हणे, पहिल्या जुलैपासून. साहेब सांगतात, "मी स्वतः निवडलंय, माझ्यापेक्षा काटेकोर आहे." घ्या. एक दशांश गेला, आता शतांश येणार.

तुझी,
वहिनी

*

७ जून

प्रिय वहिनी,

पेढे खाऊन टाक. मला काहीही झालेलं नाही, आणि त्या ग्रंथपाल बाईंबद्दल मला तिसऱ्या पाकिटापासून माहीत आहे. साहेबांनी सल्ला मागितला होता, निळा घ्यावा की राखाडी. मी राखाडी म्हटलं. बाईंनी निळा घेतला. बाईंना जास्त कळतं.

तुला आता खरं सांगायला हवं. आधीच सांगणार होते, पण तू खोली रंगवलीस आणि मला हसूही येत होतं आणि अपराधीही वाटत होतं, म्हणून राहिलं.

ती पाकिटं म्हणजे माझी परीक्षा होती. दुसऱ्या पत्रात साहेबांनी एक कोडं घातलं: अशी अशी जोडी आहे, कुठला कॉलम घ्याल, द्राव कुठला, डावा ओळखाल कसा? मला वाटलं, सहज विचारतायत. मी सहा पानं लिहिली. मग दुसरं कोडं. मग तिसरं. चौथ्यानंतर लिहिलं, "मी जाणार आहे. माझ्या जागेवर बसाल का? वरच्यांना तुमची उत्तरं दाखवली आहेत."

शतांश मी आहे, वहिनी.

मी त्यांना आधी सांगितलं की माझी वहिनी तुमच्याच हाताखाली आहे, आणि इथेनॉलची बातमी मला तिच्याच पत्रातून कळली होती. पोटात ठेवून तिथे बसणं मला जमलं नसतं. त्यांनी उत्तर लिहिलं, "मला ठाऊक होतं. त्या अक्षरावरून म्हणाल्या त्याच दिवशी. वरच्यांना नातं कळवलं आहे. तुमच्या वहिनींच्या कामावर सही दुसरं कुणीतरी करेल. मात्र त्यांना पोटात काही ठेवायला शिकवणं तुमच्याकडे."

थोरल्या साहेबांना राजीनामा दिला. त्यांनी खुर्ची परत मागितली.

मी तीस तारखेला येते. दादाला सांग, मागच्या खोलीला कुठला रंग दिलाय ते आधी कळव, म्हणजे धीर धरता येईल. भाड्याचं घर मिळेपर्यंत राहीन म्हणते.

आणि एक. पहिल्या तारखेला सकाळी साडेनऊला सगळ्यांची बैठक आहे. वेळेवर ये.

तुझी,
नणंद

*

१२ जून

माननीय विभागप्रमुख यांस,

विषय: १ जुलै रोजी उशिरा येण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, आपलं पत्र मी उभ्याने वाचलं आणि मग बसले, आणि मग आईंना हाक मारली, आणि त्या दोन्ही पायांत आपापले बूट घालून शेजाऱ्यांकडे धावल्या. आता अख्ख्या गल्लीला माहीत आहे की त्यांची मुलगी सुनेची साहेब झाली. शेजारीण म्हणाली, सुनेचे हाल होणार. आई म्हणाल्या, "होऊ देत, फार दिवस तीच साहेब होती."

खोली पिवळी आहे. धीर धरणे.

भाड्याच्या घराचं वाचलं. तो परिच्छेद मी आपल्या दादाला वाचून दाखवला नाही, कारण त्याने खोलीत फळीही ठोकली आहे आणि तो तिच्याकडे दिवसातून चारदा बघून येतो.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. मी एवढी स्थळं आणली म्हणून तुला वाटत होतं की मला तुझं लग्न लावायचं आहे. आईंना जावई हवा होता, ते खरं. मला तू हवी होतीस. आठ वर्षं तू तिथे एकटी, फोनवर दोन वाक्यं आणि तिसऱ्याला आवाज तुटतो. एखाद्या माणसाला परत गावात आणायचं तर काय करतात? लग्न. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून इथल्या इथे बसणारा नवरा शोधत होते. तू नवऱ्याशिवायच आलीस. त्यात माझी मेहनत वाचली, पण थोडा अपमानही झाला.

तरी मूळ अर्ज असा की, तीस तारखेला तुझी गाडी येणार, सामान लावणार, मग आपण बोलत बसणार, आणि या वेळी तुला 'आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवून देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मला साडेनऊची वेळ गाठणं अशक्य आहे. माझी विभागप्रमुखही त्याच घरातून, त्याच बसने निघणार असल्याने तिलाही ते अशक्य आहे. तरी दोघींना रागवायला कोणाला नेमावं, हे आपण दशांशाचा घोळ न घालता ठरवून कळवावं.

आपली आज्ञाधारक (पहिल्या तारखेपासून, त्याआधी नाही),
वहिनी